ओपनएएफएस सेल: फाइलसर्व्हरचं दुसरं लॅन कार्ड अखेर निघालं

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, घरच्या ओपनएएफएस सेलमधल्या (एएफएस म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणारी प्रणाली, सेल म्हणजे तिच्यातल्या मशीनचा एक गट) फाइलसर्व्हरला लावलेलं यूएसबीचं १०० एमबीपीएसचं लॅन कार्ड काढायचंय. काल रात्री ते काढलं, आणि एकही फाइल अडकली नाही.

कार्डाचा त्रास असा होता. ते माझ्या लॅपटॉपच्याच सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या त्याच तुकड्यात होतं. एएफएसचा क्लायंट आपल्या सबनेटमधल्या पत्त्याला २०,००० च्या आसपास रँक देतो, परक्या नेटवर्कमधल्याला ४०,००० च्या आसपास; ज्याचा आकडा लहान त्याच्याकडे आधी जातो. त्यामुळे गिगाबिट पोर्ट रिकामा आणि सगळी वाहतूक मंद कार्डावरून!

उन्हाळ्यात मी सरळ केबल उपसली होती. व्हीएलडीबीमध्ये, म्हणजे कोणत्या फाइली कुठल्या सर्व्हरवर आहेत याच्या नोंदवहीत, जुना पत्ता तसाच राहिला. लॅपटॉपवर फाइलींची यादी दाखवणारं साधं ‘एलएस’ दिलं तर टर्मिनल ढिम्म. टाइमआउट होईपर्यंत क्लायंट त्या मेलेल्या पत्त्यालाच हाका मारत होता. म्हणून हे ठासून सांगतो: आधी पत्ता नोंदीतून काढा, केबल सगळ्यात शेवटी.

या वेळी प्रथम व्हीएलडीबीतले पत्ते दाखवणाऱ्या ‘व्हॉस लिस्टअ‍ॅड्रेस’ने पाहिलं, सर्व्हरच्या नावावर दोन पत्ते होते. मग सर्व्हरच्या लोकल डिरेक्टरीत नेटरिस्ट्रिक्ट नावाची फाइल केली; जे पत्ते नोंदवायचे नाहीत ते हिच्यात लिहितात. तिच्यात एकच ओळ टाकली, यूएसबी कार्डाचा पत्ता: १९२.१६८.५०.११. शेजारीच सिसआयडी फाइल असते, तिला अजिबात हात लावू नका. सर्व्हरची यूयूआयडी, म्हणजे सेलमधली त्याची ओळखच, तिच्यात असते. दुसऱ्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरच्या नावापुढे हाच पत्ता सापडला, तोही बदलला. नाहीतर पुढे बॉस आणि व्हॉस या एएफएसच्या देखभालीच्या साधनांचे कमांड तिकडेच गेले असते.

नेटरिस्ट्रिक्ट फाइलसर्व्हर सुरू होतानाच वाचली जाते, म्हणजे रीस्टार्ट आलाच. बाबांच्या फोटोंचा बॅकअप अकराला संपला, मग ‘बॉस रीस्टार्ट’ दिलं. सुरू होताना सर्व्हर स्वतःच आपले पत्ते व्हीएलडीबीत नव्याने नोंदवतो. पुन्हा यादी काढली तर एकच पत्ता! पत्ता हाताने बदलणाऱ्या ‘व्हॉस चेंजअ‍ॅड्रेस’ची गरजच पडली नाही.

तरी कार्ड लगेच काढलं नाही. त्यावर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून फाइलसर्व्हरचा यूडीपी पोर्ट ७००० बघत बसलो. लॅपटॉपची पॅकेट अजून तिथेच येत होती, कारण त्याच्या आठवणीत जुना पत्ता होता. कार्ड चालू असल्यामुळे सर्व्हर उत्तरही देत होता, आणि म्हणूनच कुणाचं काम अडलं नाही. लॅपटॉपने जुनी माहिती टाकून व्हीएलडीबीला नव्याने विचारावं म्हणून त्यावर ‘एफएस चेकव्हॉल्यूम्स’ दिलं. थोड्या वेळाने स्क्रीनवर ओळी यायच्या थांबल्या. मी आणखी अर्धा तास वाट पाहिली. ही अर्ध्या तासाची चिकाटी मला सगळ्या कमांडपेक्षा महत्त्वाची वाटते.

मग इंटरफेस डाउन केला, मुद्दाम एक मोठी कॉपी सुरू केली आणि ती चालू असतानाच कार्ड ओढलं. कॉपी चालूच राहिली. कार्ड हाताला चांगलंच गरम लागत होतं.