वर्गात सूचना देण्यापुरती इंग्रजी : माझा अनुभव

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाली. त्याआधी ती पाचवीत सुरू होत असे. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यातल्या गावांमधून माझ्या इंग्रजीच्या वर्गाला येणाऱ्या बहुतेक महिला पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या. काही अंगणवाडी सेविका आहेत, तर काही कॉन्व्हेंटमध्ये नर्सरी आणि केजीचे वर्ग सांभाळतात. बारावीच्या इंग्रजीत त्या पास झाल्या होत्या, परंतु ‘मुलांनो, रांगेत उभे राहा’ एवढे वाक्य इंग्रजीतून मोठ्याने म्हणण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांना नेमके तेवढेच हवे होते, आणि व्याकरणाची पुस्तके बाजूला ठेवून तेवढेच शिकवायचे मी ठरवले.

सुरुवातीच्या तासांना त्यांना मी बोलायला लावले नाही. मी ‘स्टँड अप’ म्हणायची आणि उभी राहायची, त्या माझ्यासोबत उभ्या राहायच्या. पुढे मी बसूनच सूचना देऊ लागले आणि त्या ऐकून तसे करू लागल्या. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ही रीत मांडली, तिचा गाभा असा की आधी कानाने ऐकावे, अंगाने करावे आणि तोंड उघडण्याची घाई करू नये. मोठ्या माणसांना चारचौघांत चुकण्याची जी धास्ती असते ती या रीतीत बरीच कमी होते, कारण ‘खडू खुर्चीखाली ठेवा’ ही सूचना ऐकून तो तिथे ठेवला की उत्तर दिल्यासारखेच असते.

खरी अडचण त्यांच्यावर सूचना देण्याची पाळी आली तेव्हा उभी राहिली. सराव एकमेकींवरच करायचा होता, आणि वयाने लहान असलेल्या एका शिक्षिकेला वर्गातल्या ज्येष्ठ सेविकेसमोर ‘सिट डाउन’ म्हणवेना. ‘काकूले असं कसं म्हनू मॅडम?’ असे म्हणून ती गप्प झाली. तिचा संकोच मला योग्यच वाटला. आपल्याकडे ‘बस’ आणि ‘बसा’ यांतच मान दिसतो. इंग्रजीत क्रियापदाचे रूप एकच राहते, त्यामुळे तो मान ‘प्लीज’ने आणि आवाजाने द्यावा लागतो. तिने तळहात वर करून, आवाज खाली आणून ‘प्लीज सिट डाउन’ म्हटले आणि काकू बसल्या. त्यानंतर प्रत्येकीने तीच सूचना एकदा मुलाला आणि एकदा मोठ्या माणसाला दिली. ‘तुम्ही बसा’च्या सवयीने वाक्याच्या सुरुवातीला येणारे ‘यू’ गळून पडायला मात्र बराच वेळ लागला.

पुढचा सगळा भर मी सूचना तोडून देण्यावर ठेवला. ‘वही काढा, नवीन पान उघडा आणि आंबा काढा’ हे एका दमात सांगितले तर मुले फक्त शेवटचे ऐकतात. म्हणून ‘टेक आउट युवर नोटबुक’ म्हणायचे, शेवटच्या मुलाच्या हातात वही दिसेपर्यंत थांबायचे आणि मगच पुढचे बोलायचे. हे थांबणे शब्दांपेक्षा अवघड गेले, कारण शांतता पसरली की प्रत्येकीला ती मराठीने भरून काढावीशी वाटे. कागद आणि रंग वाटण्याआधीच सूचना पूर्ण झाली पाहिजे. एकदा रंग हातात पडले की कोणत्याही भाषेतली सूचना वाया जाते. तसेच ‘अंडरस्टुड?’ असे विचारू नये असा मी आग्रह धरला, कारण त्याला ‘येस मॅडम’ हे एकच उत्तर येते. त्याऐवजी ‘बुक ऑर नोटबुक?’ असे विचारले की मुलाला कळले की नाही ते लगेच दिसते. ‘डोन्ट रनिंग’ दुरुस्त करून ‘डोन्ट रन’ शिकवले खरे, पण काय करू नये यापेक्षा काय करावे हे सांगणे मुलांना सोपे जाते, म्हणून ‘वॉक स्लोली’ मला अधिक पसंत आहे. उच्चारांच्या मागे मी फारशी लागले नाही.

या भागातल्या अनेक मुलांच्या घरी कोलामी किंवा गोंडी बोलतात आणि त्यांना शाळेतली मराठीही नवीनच असते. गोष्ट, गाणे, समजूत हे सगळे मुलाच्या भाषेतच व्हावे असे माझे ठाम मत आहे. इंग्रजी रोज त्याच त्या मोजक्या सूचनांपुरती आणि हातवाऱ्यांसह आली, तर तिचे ओझे मुलांवर पडत नाही.

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत हजेरी रोडावते. त्या काळात येतील तेवढ्या जणी जुन्याच सूचनांचा आपसांत सराव करतात. ‘वर्क इन पेअर्स’ आणि ‘टेक टर्न्स’ या सूचना अजून राहिल्या आहेत. त्या नुसत्या हाताने दाखवता येत नाहीत, म्हणून दोघींनी आधी वर्गासमोर ते काम करून दाखवायचे आणि मग सूचना द्यायची, असे आम्ही ठरवले आहे.