जंतूचं नाव बदललं, कोडबुकातलं नाही

अमेरिकेतल्या रुग्णालयात मेलिऑयडोसिस या संसर्गाचा चार्ट, म्हणजे रुग्णाची नोंदवही, कोडरच्या (निदानाला बिलासाठी ठरावीक कोड देणाऱ्याच्या) वाट्याला क्वचितच येतो, आणि हात बसलेला नसल्यामुळे तो चुकतोही. भारतात रात्रपाळीला बसून अमेरिकेतले चार्ट कोड करणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे जरा खोलात.

आजार मातीतल्या आणि पाण्यातल्या बुर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय या जंतूचा. १९१२ साली व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी रंगूनमधल्या रुग्णांवरून त्याचं वर्णन छापलं, म्हणून कोडबुकात 'व्हिटमोर्स डिसीज' हेही नाव सापडतं. हा जंतू पूर्वी स्यूडोमोनास घराण्यात मोडायचा. १९९२ मध्ये त्याला बुर्खोल्डेरियात हलवलं. आयसीडी-१०-सीएम, म्हणजे अमेरिकेत वापरलं जाणारं आजारांचं कोडबुक, मात्र ए२४.९ खाली अजून 'स्यूडोमोनास स्यूडोमॅलाय'च म्हणतं, आणि बहुतेक घोळाचं मूळ या जुन्या नावात आहे.

म्हणून इंडेक्समध्ये (कोडबुकाच्या अक्षरानुक्रमे यादीत) जंतूच्या नावामागे धावू नका, आजाराचं नाव काढा. मेलिऑयडोसिसखाली अक्यूट किंवा फुल्मिनेटिंग (झपाट्याने बळावणारा) असेल तर ए२४.१, सबअक्यूट किंवा क्रॉनिक असेल तर ए२४.२, इतर प्रकार ए२४.३ आणि काहीच स्पष्ट नसेल तर ए२४.९. शेजारचा ए२४.० हा ग्लँडर्सचा, म्हणजे मुख्यतः घोड्यांकडून येणाऱ्या आजाराचा, त्याला हात लावू नका. मग टॅब्युलर, म्हणजे कोडच्या क्रमाने लावलेली यादी, उघडून खालच्या नोंदी वाचा. हा टप्पा गाळला की पुढची चूक ठरलेली.

समजा रुग्णाला न्यूमोनिया आहे आणि रक्ताच्या कल्चरमध्ये हा जंतू आला. सॉफ्टवेअरमध्ये 'स्यूडोमोनास' टाकलं की स्यूडोमोनास न्यूमोनियाचा जे१५.१ समोर येतो, सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेली जीवघेणी प्रतिक्रिया) असेल तर ए४१.५२. त्यावर बी९६.५ जोडायचा मोह होतो, कारण त्याच्या शीर्षकातच कंसात 'स्यूडोमॅलाय' छापलेलं आहे. तिन्ही चूक. बी९५ ते बी९७ हा गट मूळ आजाराच्या कोडमधून जंतू कळत नसेल तेव्हासाठी आहे. ए२४.१ खाली मेलिऑयडोसिस न्यूमोनिया आणि मेलिऑयडोसिस सेप्सिस दोन्ही नावानिशी दिलेत, म्हणजे त्या एका कोडमध्ये जंतूही आला आणि आजारही.

अवयव निकामी होऊ लागले असतील आणि डॉक्टरांनी सिव्हिअर सेप्सिस लिहिलं असेल, तर ए२४.१ आधी, मग आर६५.२०. सेप्टिक शॉक असेल तर त्याऐवजी आर६५.२१. त्यानंतर निकामी झालेल्या अवयवाचा कोड, उदाहरणार्थ मूत्रपिंडासाठी एन१७.९. आर६५.२ चे कोड पहिल्या जागी कधीच येत नाहीत. या रुग्णांत मधुमेह फार आढळतो, तेव्हा ई११ मधला (टाइप २ मधुमेहाचा) नेमका कोड आणि इन्सुलिन कायमचं चालू असेल तर झेड७९.४ विसरू नका.

खरी कसोटी डॉक्टरांच्या शब्दांची. लॅबचा रिपोर्ट कितीही स्पष्ट असो, त्यावरून कोडरने निदान ठरवायचं नसतं. डॉक्टरांनी नुसतं 'ग्राम निगेटिव्ह न्यूमोनिया' लिहून ठेवलं, तर हातात जे१५.६९ उरतो. (ऑक्टोबर २०२३ पासून जुना जे१५.६ फुटून दोन झाला आहे. यादी जुनी असेल तर विम्याचा क्लेम तिथेच परत येतो.) अशा वेळी डॉक्टरांना लेखी क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, पाठवायची. त्यात कल्चरची तारीख, निकाल आणि चालू अँटिबायोटिक मांडायचं आणि पर्याय द्यायचे, 'इतर' आणि 'सांगता येत नाही' धरून. 'मेलिऑयडोसिस लिहाल का?' असं विचारणं म्हणजे उत्तर तोंडात घालणं, ऑडिटमध्ये ते पकडलं जातं. अक्यूट की क्रॉनिक हेही विचारूनच घ्या. दोन महिन्यांहून जुनी लक्षणं म्हणजे क्रॉनिक, असं वैद्यकात सर्रास धरतात, पण कॅलेंडर मोजून कोड टाकणं आपलं काम नव्हे.

अडचण लॅबकडूनही येते. स्वयंचलित यंत्रं या जंतूला बुर्खोल्डेरिया सेपॅशिया किंवा आणखी काही ठरवून मोकळी होतात. खरी ओळख लॅबोरेटरी रिस्पॉन्स नेटवर्क या, धोकादायक जंतू तपासणाऱ्या अमेरिकी जाळ्यातल्या प्रयोगशाळेकडून येते, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. सुधारित रिपोर्ट आला तर डॉक्टरांची पुरवणी नोंद मिळेपर्यंत चार्ट थांबवलेला बरा. निदान पाचव्या दिवशी झालं तरी ताप आणि खोकला घेऊनच माणूस दाखल झाला होता, तेव्हा 'प्रेझेंट ऑन अ‍ॅडमिशन' (दाखल होतानाच आजार होता का) या रकान्यात 'वाय', म्हणजे हो.

ओपीडीत 'सस्पेक्टेड मेलिऑयडोसिस' लिहिलं असेल तर ए२४ लावायचा नाही. तापाला आर५०.९ अशी लक्षणंच कोड करायची. भरती रुग्णाच्या डिस्चार्जवेळी तोच शब्द असेल तर मात्र आजार आहे असं धरून कोड करतात. एकाच शब्दाचे दोन नियम, नवशिक्यांची विकेट इथेच जाते.

प्रवास न केलेला रुग्ण दिसला म्हणून निदानावर फुली मारू नका. २०२१ मध्ये भारतात बनलेल्या एका सुगंधी फवाऱ्यामुळे जॉर्जिया, कॅन्सस, मिनेसोटा आणि टेक्सास या राज्यांतले चौघे आजारी पडले, त्यातले दोघे दगावले. २०२२ मध्ये हा जंतू मिसिसिपीच्या किनारपट्टीवरच्या माती-पाण्यातही सापडला.

शिरेतून सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम किमान दोन आठवडे, मग कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या तीन ते सहा महिने, असा उपचार चालतो. या काळात रुग्ण ठणठणीत दिसला तरी प्रत्येक भेटीला ए२४ चाच कोड, सोबत दीर्घकाळ अँटिबायोटिक चालू असल्याचा झेड७९.२. पूर्वेतिहासाचा झेड८६.१९ कोर्स संपल्यावर.