तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी जहाजं कशासाठी आली होती?

व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच, "१४०५ पासून चीनचा दर्यासारंग ‘झेंग हे’ एवढं मोठं आरमार घेऊन कालिकतपर्यंत येत होता. मग चीननं काही बळकावलं कसं नाही? व्यापार हवा होता की नुसता मोठेपणा?" आता एकदा लिहूनच टाकते.

नुसता व्यापार हवा असता, तर चीननं स्वतःच्याच व्यापाऱ्यांवर १३७१ पासून समुद्रबंदी कशाला घातली? व्यवहार व्हायचा तो दरबाराशी, नजराण्याच्या नावानं. तरी फायदा होताच. मिरी इतकी आली की पुढे अधिकाऱ्यांच्या पगारात मिरी देऊ लागले. शिवाय झेंग हेला धाडणाऱ्या, मिंग घराण्यातल्या योंगले सम्राटानं १४०२ मध्ये पुतण्याची गादी हिसकावलेली. परदेशी राजांचे वकील आपल्या दारी आलेले दिसणं ही त्याची गरज होती. परागंदा पुतण्याचा शोध हे कारण मिंगांच्या अधिकृत इतिहासातच आहे, पण एका माणसामागे २७ हजारांवर माणसं? मला पटत नाही.

पूर्वी मी ठासून सांगायचे, ते शांततेनं आले. पुरावा श्रीलंकेतल्या गॉलचा, झेंग हेच्या आरमारानं ठेवलेला १४०९ चा शिलालेख: चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूच्या अवताराला, फारसीत अल्लाला दान. "पोर्तुगीजांनी केलं असतं का असं?" टाळ्या पडायच्या.

एकदा मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, मग १४११ मध्ये श्रीलंकेतल्या कोट्टेच्या सत्ताधीशाला, अलकेश्वराला, बायकामुलांसकट धरून चीनच्या राजधानीत, नानजिंगला कुणी नेलं?"

मला ठाऊक होतं. माझ्या टिपणात ते नाव होतं आणि त्यावर मीच काट मारली होती, व्याख्यान सुबक व्हावं म्हणून. मी घड्याळाकडे बघून "वेळ संपली" म्हटलं. ती काही न बोलता खाली बसली. घरी येऊन ते टिपण काढलं. काट इतकी जोरात मारलेली की कागद फाटला होता.

आता सगळं सांगते. चिनी हकिगतीप्रमाणे अलकेश्वरानं आधी जहाजं लुटायला सैन्य पाठवलं, म्हणून झेंग हेनं दोन हजार माणसांनिशी त्याचं शहर घेतलं. पण ही एकाच बाजूची साक्ष. तरीही तिथे ना किल्ला बांधला, ना मुलूख ठेवला. पोर्तुगीजांशी फरक आहेच, तो मी सोडणार नाही. सम्राटानं पुढे अलकेश्वराला सोडून दिलं, हेही खरं. फक्त ते वाक्य म्हणताना माझा आवाज चढतो, आणि तो मलाच ऐकू येतो.