पाच आठवडे, उणे चौदा आणि गाडीचं ॲप

डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नाला सांगलीला जायचं ठरलं आणि मला घोर लागला तो गाडीचा. ऑस्लोत आमच्या इमारतीला तळघरातलं पार्किंग नाही. म्हणजे इलेक्ट्रिक गाडी पाच आठवडे उघड्यावर, बर्फात, चार्जरशिवाय. नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या, तेव्हा हा प्रश्न पडलेला मी काही पहिला नव्हे. शेजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ठेव आणि जा."

तरी थोडी तयारी केली. चार्ज 70 टक्क्यांवर ठेवला. आठवडेच्या आठवडे शंभरावर ठेवली तर लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य घटतं, आणि फार कमी ठेवावी तर थंडीत त्यातलाही काही भाग वापरता येत नाही. वायपर काचेपासून उचलून ठेवले, नाहीतर रबर काचेला चिकटतं. चाकांत हवा भरून घेतली. तापमान 10 अंश उतरलं की दाब साधारण 2 पीएसआयने कमी होतो.

एक मात्र विसरलो. गाडीजवळ कोणी फिरकलं की कॅमेऱ्यानं टिपायची सोय चालूच राहिली.

सांगलीत तिसऱ्या दिवशी सकाळी सातला (तिकडे रात्रीचे अडीच) ॲप उघडलं: 55 टक्के. पोटात गोळाच आला. या हिशेबानं अकरा दिवसांत खडखडाट. कॅमेरे फोनवरूनच बंद केले, पण जीव राहीना. दर दोन तासांनी बघायचो, हळदीच्या दिवशीसुद्धा. आणि गोम तिथंच होती. नुसती उभी असलेली गाडी फारशी वीज खात नाही. पण ॲप उघडलं की ती जागी होते, आतले संगणक सुरू होतात आणि पुन्हा झोपायला तिला वेळ लागतो. आई वैतागून म्हणाली, "अरे, भाताचं झाकण सारखं काढलंस तर वाफ राहील का?" तिला फक्त मी फोन ठेवायला हवा होता. मग ॲप रविवारीच उघडायचं ठरवलं. उरलेल्या साडेचार आठवड्यांत मिळून 5 टक्के गेले!

खरी धास्ती असते ती छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीची. कुलूप, गाडीतला स्क्रीनचा पडदा, ॲप सगळं तिच्या जिवावर. गाडी चालवणारी मोठी बॅटरी तिला अधूनमधून चार्ज करत राहते, पण मोठीच तळाला गेली की तेही थांबतं. मग पोटात शेकडो किलोंची बॅटरी असून दार उघडायची पंचाईत.

परतलो तेव्हा उणे 14. दाराचं हॅन्डल गोठलेलं. गरम पाणी ओतायचा मोह होतो. ओतू नका, काच तडकू शकते आणि ते पाणीही गोठतं. मुठीनं हलकं ठोकून बर्फ मोडला. पडद्यावर 50 टक्के आणि शेजारी बर्फाचं निळं चिन्ह. निघालो, तर पेडलवरून पाय उचलला तरी गाडी नेहमीसारखी मंदावेना. एरवी पाय उचलला की मोटर वीज बनवून बॅटरीला परत देते आणि त्या ओढीनंच गाडी मंदावते. गारठलेली बॅटरी ती परत येणारी वीज घेत नाही. हे माहीत होतं, तरी पहिल्या सिग्नलला छातीत धस्स झालं.

फास्ट चार्जरवर पहिली वीस मिनिटं आकडा ढिम्म हलेना. येणारी वीज बॅटरी तापवण्यातच चालली होती. गोठणबिंदूखाली जोरात चार्ज केलं तर सेलमध्ये लिथियम धातूचा थर साचू शकतो, म्हणून गाडीच हात आखडता घेते. आईनं बांधून दिलेले बेसनाचे लाडू तोवर निम्मे संपले.