आमची वाटचाल : एका पावतीला एक खिडकी

हिंगणघाट तालुक्यात दसरा झाला की कापसाच्या गाड्या निघतात आणि आमचा फोन वाजायला लागतो. आम्ही तिघं जण जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) आणि वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवात झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातली. मागच्या खोलीत व्हीबी सिक्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत, पहिला काटा-पावतीचा प्रोग्रॅम लिहिला. व्हीबी सिक्स 1998 चं. मायक्रोसॉफ्टनं 2008 मध्ये त्याचा सपोर्ट थांबवला, तरी आम्ही ते सोडलं नाही. गिऱ्हाईक कुरकुरत नव्हतं, मग आपण कशाला हात लावा!

त्यात 'ॲप.प्रेव्हइन्स्टन्स' नावाची सोय होती. प्रोग्रॅम आधीच चालू आहे का, हे एका ओळीत कळायचं. चालू असला तर 'सॉफ्टवेअर आधीच सुरू आहे' असा निरोप दाखवून दुसरी प्रत बंद व्हायची. मी खूश होतो. काट्यावरून मात्र फोन यायचे, "भाऊ, तुमचं सॉफ्टवेअर चालूच नाही होऊन राह्यलं." मिनिमाइझ होऊन खाली बसलेली खिडकी काट्यावर बसणाऱ्या पोराला दिसतच नव्हती. तो निरोप वाचायचा, ओके दाबायचा, परत क्लिक करायचा. शेवटी कॉम्प्युटरच बंद करून चालू करायचा. बाहेर गाड्यांची रांग.

पुढं डॉटनेटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच नव्या प्लॅटफॉर्मवर आलो. तिथं याच कामासाठी नाव दिलेलं म्यूटेक्स वापरतात, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप. पहिली प्रत ते कुलूप घेते, दुसरीला मिळत नाही, म्हणून ती परत फिरते. आमच्याकडं ते झकास चालायचं. काट्यावर मात्र तासा-दोन तासांनी दुसरी प्रत उघडायची आणि 'पोर्ट उघडता येत नाही' म्हणायची. काट्याच्या इंडिकेटरची (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याची) सीरियल केबल ज्या पोर्टला लागते, तो एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. मी दोष केबलला दिला. नवी केबल घेऊन गाडीवर गेलो, बसवून आलो, आणि दोन दिवसांनी परत तेच. खरी चूक माझ्या कोडमध्ये होती. म्यूटेक्स मी मेन फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे गिऱ्हाईकाला देतो त्या प्रतीत, पुढं वापर नाही म्हणून गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा भाग) ते उचलून न्यायचा आणि कुलूप सुटायचं. आम्ही तपासायला वापरतो त्या डीबग बिल्डमध्ये तसं होत नाही, म्हणून टेबलावर कधी सापडलं नाही. व्हेरिएबल स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅम बंद होईपर्यंत टिकणारं केलं आणि संपलं. एका शब्दासाठी तीन आठवडे.

पण पैशाचा घोळ झाला तो प्रोग्रॅमच्या आतल्या खिडक्यांनी. काट्यावर गाडीचं वजन दोनदा होतं. आधी भरलेली, मग कापूस खाली झाल्यावर रिकामी. मधला वेळ पावती अर्धवट असते. एका पिकअपचं भरलेलं वजन 33.80 क्विंटल होतं. गाडी रिकामी होऊन आली तेव्हा पोरानं यादीत त्या पावतीवर डबल क्लिक केलं. मशीन हळू, काही दिसेना, म्हणून परत केलं. एकाच पावतीच्या दोन खिडक्या एकावर एक उघडल्या. वरच्या खिडकीत त्यानं रिकामं वजन 17.40 घेतलं, सेव्ह केलं, बंद केली. खाली जुनी खिडकी तशीच, रिकाम्या वजनाचा रकाना कोरा. त्याला वाटलं सेव्ह झालंच नाही. त्यानं पुन्हा सेव्ह दाबलं. 17.40 पुसलं गेलं आणि 16.40 क्विंटल कापसाची पावती 33.80 ची निघाली.

ती चूक पकडली शेतकऱ्यानंच. "माह्या गाडीत एवढा कापूस बसते का बाप्पा?" म्हणाला. त्याच्यामुळं वाचलो. जिनिंगच्या मालकांसमोर मान खाली घालून बसलो, ते वेगळं.

घाईघाईत मी पावतीची खिडकी एकच उघडेल असं करून टाकलं. दुसऱ्याच दिवशी ओरड आली. एक गाडी खाली होत असते, तेवढ्यात दुसरी काट्यावर चढते, म्हणजे दोन पावत्या एकदम लागतातच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खिडकी मोजायची नव्हती, पावती मोजायची होती. आता प्रत्येक उघड्या खिडकीची नोंद पावती क्रमांकावर ठेवतो. तोच क्रमांक परत मागितला की नवी खिडकी बनत नाही. जुनीच मिनिमाइझमधून काढून पुढं आणतो. खिडकी बंद झाली की नोंदही काढतो. हे एकदा विसरलो होतो, तर बंद झालेली खिडकी पुढं आणायला जाऊन प्रोग्रॅमच पडला.

'आधीच सुरू आहे' हा निरोपही काढून टाकला. दुसरी प्रत आता गुपचूप पहिलीला पुढं आणते आणि स्वतः बंद होते. हे काम दुसरीनंच करावं लागतं, कारण क्लिक तिच्यावर झालेला असतो. पहिली स्वतःहून पुढं येऊ पाहते तेव्हा विंडोज बहुधा टास्कबारवर नुसतं लुकलुकवतं. क्लिक केल्याबरोबर 'उघडत आहे' अशी पाटीही येते. आम्ही पोराला अधीर म्हणत होतो, पण क्लिक पोचला हे आमचा प्रोग्रॅम त्याला सांगतच नव्हता.

म्यूटेक्स एका मशीनपुरतंच. काट्याच्या केबिनमध्ये आणि ऑफिसात दिवाणजींकडं तीच पावती एकदम उघडली, तर ते डेटाबेसलाच अडवावं लागतं. आपण उघडल्यानंतर पावती कुणी बदलली असेल तर सेव्ह होऊ द्यायचं नाही. ते दोन ठिकाणी बसवलंय, बाकीच्या काट्यांवर दसऱ्याच्या आत बसवायचं आहे.