तोंड लपवून कसलं लढता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तलवारबाजी करते म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. त्या मास्कच्या जाळीतून दिसतं का? आणि पाठोपाठ, हसत हसत, तोंड लपवून कसलं लढता?

पहिल्याचं उत्तर मी झोपेतही देईन. दिसतं. जाळी डोळ्याच्या इतकी जवळ असते की डोळा तिच्यावर स्थिरावूच शकत नाही. नजर समोरचीच्या मनगटावर असते, तारा पुसट होत विरून जातात. तार जेमतेम मिलिमीटरभर जाड, डोळ्याची बाहुली तिच्याहून मोठी, त्यामुळे तारेच्या दोन्ही अंगांनी उजेड आत येतोच. थोडं अंधारल्यासारखं वाटतं, तेवढंच. बाहेरून बघणाऱ्याला मात्र उजेड पडलेली जाळी दिसते आणि चेहरा मागच्या सावलीत राहतो. खिडकीची डासांची जाळी दिवसा रस्त्यावरून बघा, म्हणजे कळेल. रात्री आत दिवा लागला की सगळं उलटं.

दुसऱ्या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्हच्या मास्कमधून तुटलेलं पातं आत घुसलं. ऑलिंपिक विजेता तो, काही दिवसांत गेला. त्यानंतर मास्कचे आणि पात्यांचे नियम कडक झाले. जाळीवर 12 किलोचा टोच्या दाबून तपासतात, ते उगाच नाही. लपायला नसतो हो मास्क!

हे मी तावातावाने सांगते, आणि सांगतानाच ती लढत आठवते.

बाद फेरी. मी 9-4 ने पुढे. मग एकेक करत गुण जायला लागले आणि 9-8 ला मला रडू फुटलं. हात आत घालून डोळे पुसता येत नाहीत, मास्क काढावा लागतो. काढला असता तर सगळ्यांनाच कळलं असतं. नाही काढला. पाणी गालांवरून हनुवटीखालच्या कापडात मुरत होतं, गुणफलकाचे दिवे फाकून दिसत होते आणि मी स्वतःला बजावत होते, कुणाला दिसत नाहीये, लढ. हरले. सलामीला मास्क काढला, हात मिळवला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तू रडत होतीस ना? मला केव्हाच दिसलं."

तिच्या मागे मोठी खिडकी होती. संध्याकाळचं तिरपं ऊन थेट माझ्या तोंडावर. दिवा आत लागला होता.

राग कशाचा आला, अजून नीट सांगता येत नाही. दिसूनही ती थांबली नाही याचा? ती का थांबेल! मीही थांबले नसते. कदाचित थांबले असते. प्रेक्षकांना चेहरे दिसावेत म्हणून मध्यंतरी पारदर्शक पट्टीचे मास्क आले होते. तेव्हा मी सुरक्षिततेचं कारण पुढे करून नाक मुरडलं होतं. कारण खोटं नव्हतं. पण मी ते त्यासाठी म्हणत नव्हते.

तेव्हा हसत विचारणाऱ्यांनो, तुमचं काही अगदीच चुकत नाही. तरी पुन्हा विचारलंत तर मी स्मिर्नोव्हचंच सांगेन. आणि लढत संपल्यावर पंच अजूनही मला दोनदा सांगतात, मास्क काढा.