पट्टी, व्हाइस आणि मेश: तिसऱ्या रविवारची नोंद

बेळगावात अनगोळच्या घरामागच्या शेडमध्ये तीन रविवार एकच पट्टी वाकवतोय. माइल्ड स्टीलची, 25 मिमी रुंद, 6 मिमी जाड, व्हाइसमधून (शिकंज्यातून) 200 मिमी बाहेर काढलेली. टोकाला 2 किलोचं वजन टांगायचं आणि डायल गेज (बारीक सरकणं काट्यावर दाखवणारं मापक) वाचायचा. मग हीच पट्टी संगणकावर फायनाइट एलिमेंट पद्धतीने सोडवायची, म्हणजे ती किती वाकेल ते काढायचं: फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल, आणि गणित कॅल्क्युलिक्स या प्रोग्रॅमवर.

आधी वहीत हाताने केलं. वजन (न्यूटनमध्ये) गुणिले लांबीचा घन, भागिले तीन ई आय. ई म्हणजे पोलादाचा ताठपणा, आय हा पट्टीच्या रुंदी-जाडीवरून येणारा आकडा. ई 2,10,000 न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर 0.55 मिमी येतात.

पहिल्या रनमध्ये पट्टी याच्या निम्म्यानेही वाकली नाही. गणित लवकर सुटावं म्हणून मी चार नोडचे (नोड म्हणजे तुकड्यावरचे बिंदू) टेट्रा, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे तुकडे, घेतले होते, जाडीत एकच थर. या पद्धतीत वस्तूचे लहान तुकडे करतात, प्रत्येकाचा ताठपणा मांडतात, सामाईक नोडवर ते जोडतात आणि कुठला नोड किती सरकला हे समीकरणांतून काढतात. चार नोडच्या तुकड्यात स्ट्रेन (ताणलं-दबलं जाण्याचं प्रमाण) सगळीकडे एकच राहतो. पट्टी वाकताना मात्र वरचा भाग ताणला जातो, खालचा दबतो. एका तुकड्याला दोन्ही जमत नाही, म्हणून तो फुकट ताठ होतो. दहा नोडचे टेट्रा घेतले आणि 0.55 आले! (गणितज्ञ कूरांट यांनी 1943 मध्ये पिळाचं गणित त्रिकोणांवर मांडलं, ते त्रिकोणही असेच साधे होते. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव अभियंते क्लफ यांनी 1960 मध्ये दिलं.)

पण गेज म्हणतो 0.63. दोन संध्याकाळी मेशच (तुकड्यांची जाळी) बारीक करत बसलो, फरक शून्य. शेवटी गेज व्हाइसच्या जबड्यावर टेकवला, स्टँड वेगळ्या टेबलावर ठेवून. वजन टांगलं तसा काटा दोन रेघा सरकला. लाकडी फळीवरचा व्हाइसच झुकत होता, आणि मॉडेलमध्ये मी ते टोक पूर्ण फिक्स केलं होतं. व्हाइस लोखंडी टेबलाला बोल्टने आवळला, वाचन 0.57 वर आलं. माझ्या मते नवख्याने मेशच्या आधी बंधनं, म्हणजे वस्तू कुठे आणि किती घट्ट धरली आहे ते, तपासावीत.

मग संगणकावर एल-ब्रॅकेट घेतला. आतला कोपरा धारदार ठेवला तर मेश 4, 2, 1 मिमी करत जावं तसा तिथला स्ट्रेस (धातूच्या आतला ताण) वाढतच जातो, कुठे थांबतच नाही. मामा उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने) बनवतात. त्यांना स्क्रीनवरचा तो लाल ठिपका दाखवला. म्हणाले, “कोपऱ्याला रेडियस दे रे, चीर तिथनंच जाते.” ते स्वतः पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यात मेण भरून अंगठ्याने गोल दाबून घेतात. मी 3 मिमीचा रेडियस दिला. 1 आणि 0.5 मिमीच्या मेशवर आकडा जवळपास तोच राहिला.

बोल्टची भोकं अजून पूर्ण फिक्स धरली आहेत. व्हाइसचा अनुभव घेतल्यावर ते मला पटत नाही. पुढच्या रविवारी तेच घेणार.